दह्याचा रकाना

मलकापुरात रेणुका तायडेला लोक डास म्हणत. मागून नाही, तोंडावर. स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्याला सायकलच्या दुकानावर एक रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. तिथं ती अकरा वर्षं रक्त काढत होती. जिन्यावर पाऊल वाजलं की खालचा सायकलवाला ओरडे, "डासबाई, गिऱ्हाईक!"

"डास बिनविचारता चावते बे," ती वरून ओरडे. "मी बाही वर करायले सांगते. फरक आहे."

शीर शोधण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. जाडजूड व्यापाऱ्याची शीर, ऐंशीच्या म्हातारीची शीर, किंचाळणाऱ्या पोराची शीर. ती बघतच नसे. बोटानं चाचपायची आणि तोंडानं असा विनोद सांगायची, जो चारचौघांत सांगता येऊ नये. माणूस हसून होईस्तोवर नळी भरलेली असे. गुलाबराव नावाचे एक सरकीचे व्यापारी नुसती सुई बघून आडवे झाले. तिनं त्यांना उठवलं नाही. आडव्याचंच रक्त काढलं.

"उठवलं असतं तं पुन्हा पडले असते," ती म्हणाली. गुलाबरावांच्या बायकोला ते एकदम पटलं.

अकरा वर्षांत तिला एकच गोष्ट मिळाली नव्हती. पाठ असलेली खुर्ची. लॅबमध्ये खुर्ची एक, ती पेशंटची. रेणुकाला लाकडी स्टूल. मालक दर दिवाळीला म्हणत, "यंदा खुर्ची घेऊ." दिवाळी जाई. स्टूल राही. संध्याकाळी कंबर धरून ती जिना उतरे तेव्हा सायकलवाला काही बोलत नसे. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

तिची आई भिमाबाई मूळची मोताळ्याकडची. उमर लोकांच्या वावरात कापूस वेचण्यात गेली. लेकीच्या परीक्षेच्या दिवशी ती कुणापुढे हात जोडत नसे की शकुन पाहत नसे. लेकीचा पेन घेई, स्वतःच्या तळहातावर एक रेघ ओढी आणि म्हणे, "चालते. जाय आता." दहावी, बारावी, अकोल्याचा लॅबचा कोर्स. दर पेपराला भिमाबाईच्या तळहातावर एक निळी रेघ. रेणुका सगळीकडे पास झाली. पेन खरोखरच चालत होता.

पुढचा घोळ या पेनामुळेच झाला असं म्हणता येईल.

गेल्या वर्षी पुण्याहून डॉक्टर योगिनी आल्या. वय चाळिशीच्या आत, चष्मा, कापडी पिशवी, आणि प्रत्येक वाक्यानंतर 'बरोबर?' त्यांना लहान मुलांच्या रक्तातलं इन्सुलिन मोजायचं होतं. एकीकडे जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याची कोरकू आणि भिलाला मुलं. दुसरीकडे मलकापूरच्या एका शाळेतली शेतकरी, दुकानदारांची मुलं. वय तेच, उंची तीच, वजन तेच. मग रक्तात फरक दिसला, तर तो कुळाचा, वंशाचा. दिसला नाही, तर नाही.

"इन्सुलिन म्हणजे काय हे मुलांना सोपं करून सांगावं लागेल," योगिनी म्हणाल्या. "बरोबर?"

"ते मी पाह्यते," रेणुका म्हणाली.

आणि तिनं पाहिलं. "साखर म्हणजे प्रवासी," ती मुलांना सांगे. "शरीर म्हणजे एसटी. इन्सुलिन म्हणजे कंडक्टर. तो प्रवाशाले आत ढकलते. आता गाडीचं दारच गच्च झालं, उघडेच ना, तं डेपोवाले काय करतीन? आणखी कंडक्टर पाठवतीन. एका गाडीले चार कंडक्टर. प्रवासी आत जातात, पण डेपोचं दिवाळं निघते. त्याले म्हणतात इन्सुलिनले दाद न देणं."

योगिनींनी हे वहीत उतरवून घेतलं.

काम सहा महिन्यांचं होतं. पण योगिनींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. फरक ठळक निघाला तर मलकापुरात कायमचं केंद्र होईल. तीन खोल्या, मोठा फ्रीज, आणि केंद्र सांभाळायला एक माणूस. ते माणूस रेणुका.

"खुर्ची राहीन?" रेणुकानं विचारलं.

"अर्थात."

"पाठवाली?"

योगिनींना वाटलं ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती.

कामाला नियम एकच, पण कडक. रक्त उपाशीपोटी घ्यायचं. आदल्या रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही नाही. प्रत्येक फॉर्मच्या खाली एक ओळ होती: 'मूल उपाशी असल्याची मी स्वतः खात्री केली आहे.' त्याखाली रेणुकाची सही.

सातपुड्याच्या पायथ्याशी आश्रमशाळेत ती पहाटेच पोचली. तिथं खात्री करावीच लागली नाही. स्वयंपाकी नऊ वाजल्याशिवाय उठत नसे. आणि आई नावाची व्यक्ती डोंगरात, वीस किलोमीटर लांब. मुलं ओळीत बसली. एक कोरकू पोरगी, चौथीतली, हात पुढं न करताच विचारू लागली.

"रक्ताचं काय करता?"

"मोजते."

"मोजून झाल्यावर वापस देता?"

"नाही."

"मंग ही चोरी झाली ना, बाई!"

रेणुका इतकी हसली की हातातली सुई थांबवावी लागली. त्या दिवशी पहिल्यांदाच विनोद समोरच्यानं केला होता.

मलकापूरच्या शाळेचा दिवस वेगळा निघाला. मुख्याध्यापक भगवंतरावांनी आदल्या दिवशी प्रार्थनेला माइक हातात घेतला होता. "उद्या पुण्याच्या मोठ्या डॉक्टरबाई आपल्या शाळेची परीक्षा घेणार आहेत. समोर जळगाव जामोदची शाळा आहे. शाळेचं नाव राखा. उपाशीपोटी या." मग तेच पालकांच्या ग्रुपवर टाकलं, खाली तिरंगा आणि तीन फुलं.

सकाळी सात वाजता मुलं आली. गणवेशाला कडक इस्त्री. केसांना तेल. कपाळाला ओलं कुंकू. दोघातिघांनी कंपासपेटीही आणली होती. रेणुका प्रत्येकाला विचारत होती, "काही खाल्लं का?"

"नाही, मॅडम."

"चहा? बिस्कुट?"

"काहीच नाही."

एकाच्या ओठाच्या कोपऱ्याला पांढरं काहीतरी लागलं होतं. चौथीतला हर्षल. तिला वाटलं टूथपेस्ट. "दात घासून चूळ भरत जाय ना बे," ती म्हणाली आणि सुई घातली. अठ्ठेचाळीस मुलं, अठ्ठेचाळीस सह्या.

महिन्यानं आकडे आले. योगिनी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात उभ्याच राहिल्या, बसेनात. साखर दोन्हीकडे जवळपास सारखी, मलकापूरची किंचित वर. पण इन्सुलिन? मलकापूरच्या मुलांचं दुप्पट.

"सारखं वजन, सारखी उंची, आणि इन्सुलिन दुप्पट!" योगिनी म्हणाल्या. "म्हणजे शरीर दादच देत नाहीये. आत्ता, नवव्या वर्षी! हे रक्तातच आहे, रेणुका. पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. बरोबर?"

"एका गाडीले दोन कंडक्टर," रेणुका म्हणाली. पण तिच्या डोळ्यांसमोर गाडी नव्हती. खुर्ची होती.

ही बातमी भगवंतरावांपर्यंत गेली. त्यांनी त्यातला एकच शब्द ऐकला, 'जास्त'. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं होतं: 'आपल्या शाळेचे इन्सुलिन जळगाव जामोदपेक्षा दुप्पट. सर्व विद्यार्थ्यांचे हार्दिक अभिनंदन.' रेणुकानं जाऊन समजावलं की हे चांगलं नाही, हे वाईट आहे. भगवंतरावांनी बराच वेळ विचार केला.

"मग फळा पुसू?"

"पुसा."

"पण नंबर आपलाच ना?"

नियमाप्रमाणे पालकांना पत्रं गेली. मुलाच्या रक्तात इन्सुलिन जास्त आढळलं आहे, पुढं मधुमेहाचा धोका संभवतो, सल्ला घ्यावा. चौथ्या दिवशी लॅबच्या जिन्यावर पावलं वाजली. सायकलवाला नेहमीसारखा ओरडला नाही. वर आली ती छाया, हर्षलची आई. घरचं किराणा दुकान. हर्षलचं मनगट धरलेलं, पोरगा पडलेल्या तोंडाचा.

"चार दिवस झाले, भाताचा दाणा दिला नाही याले," छाया खुर्चीत बसत म्हणाली. "सासू म्हणे, कारल्याचा रस दे. तो देऊन राह्यली. भाकर अर्धी. गोड बंद. शाळेत पोरं याले शुगरफ्री म्हणून राह्यले."

"कारलं काऊन देता?" रेणुका म्हणाली. "त्यानं काही होत नाही. पोरगा चांगला आहे."

"चांगला आहे तं चिठ्ठी काऊन आली? काय केलं नाही आम्ही याच्यासाठी? कोणता पेपर असा नाही का हा दही-साखर खाल्ल्याबिगर गेला. तुमच्या सुईच्या दिवशीबी देल्लं."

रेणुकाच्या हातात कापसाचा बोळा होता. तो तसाच राहिला.

"काय देल्लं?"

"दही-साखर. मोठ्या कामाले निघताना देतात ना, तेच. शकुन."

"छायाताई, उपाशी पाठवा म्हणलं होतं ना?"

"उपाशीच पाठवला!" छाया दुखावली. "चहा नाही, पोळी नाही, शेंगदाणाबी नाही. दही-साखर का खाणं झालं?"

"किती होतं?"

"एरवी चमचाभर देते. पण पुण्याच्या बाई येणार, शाळेचं नाव. वाटीभर देल्लं."

"किती वाजता?"

"निघता निघता. साडेसहा."

हर्षल पहिल्यांदाच बोलला. "मम्मी, मले अजून पाह्यजे होतं."

रेणुका स्टुलावर बसली. साखरेनं इन्सुलिन चेततं, आणि दूध-दही तर ते आणखी चेतवतं, हे तिला पुस्तकातून पाठ होतं. अर्ध्या तासात कंडक्टरांची फौज निघते. साखर गाडीत ढकलली जाते, म्हणून आकड्यात फारशी दिसत नाही. दिसते ती फौज. हे सगळं तिला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मोठ्या कामाला निघताना आई पेनच्या ऐवजी चमचा हातात घेते. तिच्या घरी कुणी कधी घेतला नव्हता.

तिनं छायाला सांगितलं, भात सुरू करा, कारलं फेका. मग दुपारची लॅब मालकावर सोडली आणि गावात निघाली. आधी मास्तरांचं घर, मग तेलवाल्यांचं, मग माळीवाडा. सात घरं. सातही घरांत तेच उत्तर, आणि प्रत्येक ठिकाणी थोड्या अभिमानानं. एका घरी दही विरजलं नव्हतं, म्हणून दूध-साखर दिलेली. एका आजीनं दोनदा भरवलेलं, पहिल्यांदा पोरगा शिंकला म्हणून. संजीवनी नावाच्या एका शिक्षिकेनं तर विचारलंच, "काय हो, दही कमी पडलं का? म्हणून आकडा वाईट आला?"

रेणुका घरी आली. भिमाबाई चुलीजवळ भाकरी थापत होती. रेणुकानं सगळं सांगितलं. पत्रं, छाया, वाट्या. अठ्ठेचाळीस सह्या.

"अजून कोणाले मालूम?" भिमाबाईनं विचारलं.

"तुले आन मले."

"डाक्टरीण कधी धाडून राह्यली ते कागद?"

"सोमवारी. धाडलं की केंद्र मंजूर. तीन खोल्या."

"आन खुर्ची."

"हाव."

भिमाबाईनं भाकरी उलटली. जेवण झाल्यावर रेणुकानं कागद घेतला. फोनवर सांगता आलं असतं, पण सही कागदावर केली होती, तेव्हा चूकही कागदावरच जायला हवी. ती पेन शोधू लागली. भिमाबाईनं तिच्या हातातून पेन घेतला, तळहातावर रेघ ओढली. उमटली नाही. दुसरा पेन आणला. तो उमटला.

"चालते," ती म्हणाली. "लिव्ह."

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात योगिनींनी तो कागद वाचला. एकदा वाचला. मग चष्मा काढून पुन्हा वाचला. रेणुका उभी होती. तिनं ठरवलं होतं, बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही.

"अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस?" योगिनी म्हणाल्या.

"सात घरं पाह्यली. सातच्या सात. बाकीचं मी सांगू शकत नाही. पण सही सगळ्यांवर माहीच आहे."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं. त्यायनं खरं सांगितलं. त्यायच्या मतानं काही खाल्लंच नव्हतं."

समोरच्या लिंबावर दोन साळुंक्या भांडत होत्या. मग योगिनी हसायला लागल्या. हसणं चांगलं नव्हतं, रडण्याच्या जवळचं होतं.

"काय झालं मॅडम?"

"पुण्याहून निघाले त्या दिवशी," योगिनी म्हणाल्या, "आई दारापर्यंत आली. माझ्या हातावर दही-साखर घातली. मी खाल्ली. गाडीत बसले आणि तुमच्यासाठी फॉर्म तयार केला. चहा, बिस्कीट, पोळी, फळ, गोळ्या-औषधं. सगळे रकाने केले. वीस वर्षं शिकले मी, रेणुका. दही माझ्या हातावर होतं, आणि मी रकाना केला नाही."

"तुमचं इन्सुलिनबी वर गेलं असन त्या दिवशी," रेणुका म्हणाली.

या वेळचं हसणं बरं होतं. पण 'बरोबर?' काही त्यांच्या तोंडून आलं नाही.

"मी हा कागद कपाटात ठेवला असता तर?" थोड्या वेळानं योगिनींनी विचारलं.

"तं हर्षलले मोठं होईस्तोवर कारलं प्यावं लागलं असतं. आन त्याच्या पोरालेबी. वंशच तसा म्हणून."

पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. पालकांच्या नव्या सह्या झाल्या. या वेळी रेणुकानं शाळेवर भरवसा ठेवला नाही. रोज पाच घरं. पहाटे साडेपाचला ती दारात उभी राही, खांद्याला बर्फाची पेटी. डोळ्यांदेखत पोरगा उठणार, तोंड धुणार, आणि तिथंच ओट्यावर बाही वर करणार. मुलाचं रक्त निघेपर्यंत आईनं स्वयंपाकघरात जायचं नाही. दोन आज्यांशी तिचं भांडण झालं. एका आजीनं पदराखाली वाटी लपवली होती. रेणुकानं पदर ओढला नाही. हात पुढं केला. आजीनं मुकाट वाटी दिली.

"अपशकुन करून राह्यली माय," आजी म्हणाली.

"शकुन मंग करा, आजी. तुमच्या नातवाचं रक्त घेऊन राह्यली, जीव नाही," रेणुका म्हणाली. मुलाच्या कानात तिनं एक विनोद सांगितला. आजीला ऐकू गेला नाही, ते बरंच झालं.

शेवटच्या दिवशी छायाचं घर. हर्षल स्वतःच ओट्यावर येऊन बसला, हात पुढं करून. भात सुरू झाल्यापासून गाल थोडे वर आले होते. रक्त निघालं, कापूस दाबला. तेवढ्यात छाया वाटी घेऊन आली.

"आता तं चालते ना?"

"आता चालते."

हर्षलनं वाटी संपवली. छायानं उरलेलं चमच्यानं गोळा केलं आणि रेणुकासमोर धरलं.

"हात करा."

"मले कायले?"

"आज तुमची परीक्षा आहे ना. आकडे जाणार म्हणता पुण्याले."

रेणुकाच्या हातावर यापूर्वी कुणी दही-साखर घातली नव्हती. तिनं हात केला. दही गार होतं, साखर दाताखाली कुरकुरली. आंबट, गोड. चाटून झाल्यावर हात कुठं पुसावा हे तिला कळेना. शेवटी फॉर्मच्याच कडेला पुसला.

आकडे आले. दुप्पट गेलं. थोडासा फरक उरला, पण तो असा की दोन गावांतल्या मुलांत जेवढा, त्याहून जास्त एकाच बाकावरच्या दोन मुलांत. एवढ्याशा फरकावर तीन खोल्या मंजूर होत नसतात. मोठं केंद्र आलं नाही. योगिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

"मी भांडले, रेणुका. खरंच भांडले."

"मालूम आहे."

"तुझी खुर्ची..."

"डास बसलेला पाह्यला का कधी, मॅडम? बसला का लोकं मारतात त्याले."

तिनं फोन ठेवला. मग पुढच्या पेशंटला हाक मारली.

पालकांना दुसरी पत्रं गेली. भगवंतरावांनी फळ्यावर लिहिलं, 'आपल्या शाळेचे इन्सुलिन कमी झाले. अभिनंदन.' या वेळी कुणी पुसायला सांगितलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी पुण्याहून पाकीट आलं. त्यात नवे फॉर्म, पुढच्या कामासाठी, दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यात वापरायचे. योगिनींनी नुसते बघायला पाठवले होते. रेणुकानं स्टुलावर बसून वाचले. चहा, बिस्कीट, पोळी, फळ, गोळ्या-औषधं. आणि त्याखाली नवा रकाना: 'निघताना आईनं हातावर काही दिलं का? दही-साखर, गूळ, दूध, इतर.'

तिनं सायकलवाल्याला हाक मारून वर बोलावलं आणि तो रकाना दाखवला.

"हे कोणी केलं?" त्यानं विचारलं.

"मी."

"आन खुर्ची?"

तिनं फॉर्म पाकिटात घातले. सायकलवाला खाली गेला. चार-पाच दिवसांनी त्यानं लॅबमधलं स्टूल उचलून दुकानात नेलं. वर आणलं तेव्हा मागं जुन्या सायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची दोन लोखंडी नळकांडी बोल्टनं कसून लावलेली होती, आणि त्यांच्यावर एक आडवी फळी. पाठ जरा वाकडी होती. टेकलं की करकरायची.

रेणुका टेकली. करकरली. जिन्यावर पाऊल वाजलं.

"डासबाई, गिऱ्हाईक!" सायकलवाला खालून ओरडला.